डोंगर हलवणारा म्हातारा

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला होता. चार दिवस ऑर्चर्ड रोड, सेंटोसा, मुस्तफा असं सगळं यथासांग झाल्यावर त्याने विचारलं, "मामा, इथे मॉल सोडून काही आहे का रे?" प्रश्न वर्मी लागला. म्हटलं, चल, तुला पुलाउ उबीन दाखवतो. आमच्या मजल्यावरच्या शेजारच्या अंकलना कळलं तेव्हा तेही निघाले. वय ऐंशीच्या पुढे, पण पाय अजून खणखणीत. "माझे वडील तिथे कामाला होते," एवढंच म्हणाले.

सिंगापुरात राहणाऱ्यांना उबीन नवीन नाही. चांगी पॉइंटच्या जेट्टीवर जायचं, बारा माणसं जमली की बमबोट सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत आपण पन्नास वर्षं मागे जातो. पत्र्याची छपरं, नारळाची झाडं, भाड्याच्या सायकली, चिनी देऊळ आणि त्यासमोर नाटकासाठी बांधलेला रंगमंच. आपल्या कोकणातल्या एखाद्या बंदरावर उतरल्यासारखं वाटतं. एकेकाळी दोनेक हजार लोकवस्ती होती, आता मोजकी घरं उरली आहेत.

जेट्टीपासून थोडं चाललं की पेकान क्वारी लागते. क्वारी म्हणजे दगडाची खाण, पण दिसतं ते मोठं हिरवंगार तळं, कडेला सरळ तासलेले कडे आणि झाडांवर बसलेले बगळे. भाच्याने फोटो काढले. अंकल कठड्याला टेकून म्हणाले, "हे तळं नव्हतं. हा डोंगर होता. माझे वडील इथे दगड फोडायचे."

"मग डोंगर गेला कुठे?" भाच्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? तू उतरला आहेस ना, त्या बिल्डिंगमध्ये, ला!" अंकल हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यू गोंगची गोष्ट माहीत आहे? डोंगर हलवणारा वेडा म्हातारा? तुझ्या हॉलमध्ये ज्याच्या नावाचा घोडा टांगला आहेस ना, त्यानेच त्या गोष्टीचं सगळ्यात मोठं चित्र काढलं. आणि कुठे बसून काढलं, सांगू? तुझ्या इंडियात."

मी गप्प. वीस-पंचवीस वर्षं तो घोडा आमच्या हॉलमध्ये उधळतो आहे. तो कोणी काढला, त्याच्या कडेला उभ्या ओळीत काय लिहिलंय, तो लाल शिक्का कोणाचा, यातलं काहीही मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. हा लेख म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नांची उशिराने शोधलेली उत्तरं आहेत.

उबीनचा दगड

आधी दगडाचं सांगतो. पुलाउ म्हणजे बेट, आणि उबीन हे नाव तिथल्या ग्रॅनाइटशी जोडलेलं आहे. थोडक्यात, दगडाचं बेट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे दगड निघू लागला, आणि तो काढणारे बहुतेक चीनहून आलेले पाथरवट होते. या दगडाचं पहिलं मोठं काम म्हणजे हॉर्सबर्ग दीपगृह. सिंगापूरच्या पूर्वेला, दक्षिण चिनी समुद्राच्या तोंडाशी पेद्रा ब्रांका नावाचा खडक आहे. त्यावर जहाजं आपटत. ईस्ट इंडिया कंपनीचे जलनकाशाकार जेम्स हॉर्सबर्ग १८३६ मध्ये वारले, तेव्हा कॅन्टनच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या नावाने दीपगृह बांधायला वर्गणी सुरू केली. जॉन टर्नबुल थॉमसन या अभियंत्याने १८५० मध्ये पायाभरणी केली आणि १८५१ च्या ऑक्टोबरात दिवा लागला. दगड उबीनचा, घडवणारे हात चिनी.

आता आपला संबंध बघा. कॅन्टनला जाणारी जहाजं कुठून निघत? त्यातली कितीतरी आपल्या मुंबईहून. कापूस आणि अफू भरून जायची, चहा-रेशीम घेऊन यायची. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती या चीनच्या व्यापारातली. त्यांच्याच एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं. आपण ज्या जे. जे.चा अभिमान बाळगतो, त्याच्या पायात चीनला विकलेल्या अफूचाही पैसा आहे, हे कटू असलं तरी खरं आहे. आणि मुंबईच्या म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली चिनी मातीची आणि जेडची भांडी आपण शाळेच्या सहलीत काचेतून पाहिलेली असतात. चिनी कलेशी मराठी माणसाची पहिली भेट बहुधा तीच. तिथून पुढे आपण सरकतच नाही.

हॉर्सबर्ग बांधणारा थॉमसन चित्रकारही होता, हे इथे सांगायला हवं. उबीनच्या पश्चिम किनाऱ्यावर खोबणी पडलेले मोठमोठे खडक आहेत. त्यांचं जलरंगचित्र त्याने १८५० मध्ये केलं. उबीनची जी जुनी चित्रं आपल्याला माहीत आहेत, त्यांत ते एक. पुढे इथला दगड जोहोरला जोडणाऱ्या, १९२४ मध्ये औपचारिक उद्घाटन झालेल्या कॉजवेत गेला, रस्त्यांत गेला, इमारतींत गेला. शेवटची खाण १९९९ मध्ये बंद झाली, आणि खड्ड्यांत पाऊस साठून तळी झाली.

यू गोंग आणि शांतिनिकेतन

आता गोष्ट. प्राचीन चिनी ग्रंथ 'लिएझी'मध्ये ती आहे. यू गोंग नावाचा नव्वद वर्षांचा म्हातारा. दारासमोर दोन प्रचंड डोंगर, कुठे जायचं तरी वळसा पडायचा. त्याने ठरवलं, डोंगर खणून काढायचे. मुलं-नातवंडं घेऊन टोपल्यांनी माती वाहायला लागला. गावातला एक शहाणा हसला, म्हणाला, अरे तुझं आयुष्य किती उरलंय? म्हातारा म्हणाला, मी मेलो तर मुलगा खणेल, मग नातू, मग पणतू. माणसं वाढत जातील, डोंगर काही वाढणार नाही. शेवटी देवालाच दया आली आणि त्याने डोंगर उचलून नेले. चीनमधल्या शाळकरी पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. माओने १९४५ च्या एका प्रसिद्ध भाषणात तीच वापरली.

हे चित्र काढणारा शू बेइहोंग (१८९५-१९५३) पॅरिसमध्ये शिकलेला. पाश्चात्त्य पद्धतीचं शरीररेखाटन आणि चिनी शाई-कुंचला यांचा मेळ घालणारा. सिंगापूर त्याला परकं नव्हतं. १९२५ पासून त्याचं इथे येणं-जाणं होतं आणि तंबाखू कंपनीचे व्यवस्थापक असलेले हुआंग मानशी हे त्याचे जिवाभावाचे मित्र. १९३९ च्या सुरुवातीला तो पुन्हा इथे आला, तो एक काम मनात धरून. जपानने चीनवर आक्रमण केलं होतं, आणि त्याला चित्रं विकून युद्धपीडितांसाठी पैसे उभे करायचे होते. व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलमध्ये प्रदर्शन झालं, आणि आलेले पैसे मदतनिधीला गेले. आज आपण 'कलेक्टर' म्हणतो तसे ते घेणारे नव्हते. ते मायदेशासाठी वर्गणी देत होते, आणि पावती म्हणून घरी चित्र नेत होते.

त्याच वर्षी सिंगापुरात त्याने एक मोठं तैलचित्र केलं, 'चाबूक खाली ठेव'. वांग यिंग ही अभिनेत्री तेव्हा इथे याच नावाचं पथनाट्य करत होती. निर्वासित बाप उपाशी मुलीला चाबकाने मारून नाचायला लावतो, आणि प्रेक्षकांतला एक तरुण ओरडतो, चाबूक खाली ठेव! आपल्याकडे कलापथकांनी स्वातंत्र्यलढ्यात जे केलं, तीच जात. हे चित्र २००७ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ७ कोटी २० लाख हाँगकाँग डॉलरना गेलं. चिनी तैलचित्राचा तो तेव्हाचा विक्रम होता.

आणि भारत? त्याचा धागाही इथूनच जातो. १९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर मलाया-सिंगापूरच्या दौऱ्यावर आले, तेव्हा तान युन-शान हा तरुण चिनी शिक्षक त्यांना भेटला. तो पुढे शांतिनिकेतनला गेला आणि १९३७ मध्ये तिथे चीना भवन सुरू झालं. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शू बेइहोंग १९३९ च्या अखेरीस सिंगापूरहून शांतिनिकेतनात पोहोचला. तिथे त्याने रवींद्रनाथांची चित्रं केली. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी आले, तेव्हा त्यांचंही रेखाटन केलं. आणि त्याच वर्षी यू गोंगचं चित्र पुरं केलं, सव्वाचार मीटरच्या आसपास रुंद. डोंगर खोदणारे उघडेबंब, पिळदार मजूर पाहिलेत तर लक्षात येतं की हे चेहरे चिनी नाहीत. मॉडेल म्हणून त्याच्यासमोर भारतीय माणसं उभी होती! चीनचं अत्यंत राष्ट्रीय म्हणावं असं चित्र, आणि त्यात कुदळ आपल्या माणसांच्या हातात. अंकल खाणीच्या कठड्याशी उभे राहून हेच सांगत होते.

जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आलं, तेव्हा शू बेइहोंग बर्मामार्गे युन्नानला निघून गेला. मागे राहिलेली बरीच चित्रं मित्रांनी एका शाळेच्या कोरड्या विहिरीत दडवली, असं सांगतात. त्यांच्या अंगावर ते चित्र सापडलं असतं तर जीव गेला असता. संग्रह करणं म्हणजे काय, याची मला कळलेली सगळ्यात मोठी व्याख्या ही विहीर आहे.

लाल शिक्क्यांची वंशावळ

परत आमच्या घोड्याकडे. त्या संध्याकाळी उबीनहून आल्यावर अंकल हातात भिंग घेऊन आमच्याकडे आले. सौ.ने चहा ठेवला. त्यांनी आधी उभी ओळ वाचून दाखवली. १९४१ च्या शरदातली तारीख, आणि चांगशाच्या दुसऱ्या लढाईच्या बातमीने जीव काळजीने पोळत असल्याचं चित्रकाराने स्वतः नोंदलेलं. तेव्हा तो पेनांगला होता. म्हणजे इथून बसने जाता येईल अशा गावी! ज्या घोड्याला आम्ही "प्रगतीचं प्रतीक, हॉलमध्ये शुभ असतं" म्हणून लावलं होतं, तो कोणत्या तरी जळत्या शहराकडे धावत होता.

मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. शाईच्या जागी बारीक ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. घोडा छापील होता. १९९९ मध्ये नवीन घर घेतलं तेव्हा एका दुकानातून 'अस्सल, मर्यादित' अशा सोनेरी कागदासकट तो मी चारशे ऐंशी डॉलरला आणला होता. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. अंकल म्हणाले, "पहिल्या दिवसापासून. पण तू कधी विचारलं नाहीस."

खरं सांगतो, पैशांचं वाईट दोन दिवस वाटलं. न विचारल्याचं अजून वाटतं.

चिनी चित्र 'बघायचं' नसतं, 'वाचायचं' असतं, हे मला त्यानंतर कळू लागलं. चित्र, हस्ताक्षर, मजकूर आणि शिक्का या चार गोष्टी तिथे एकत्र येतात. आपल्या गाण्यात जसा राग, बंदिश आणि घराणं वेगळं काढता येत नाही, तसंच. मोकळी सोडलेली पांढरी जागा रिकामी नसते, ती धुकं असते, पाणी असतं. आणि शिक्के फक्त चित्रकाराचे नसतात. चित्र ज्याच्या ज्याच्याकडे गेलं, त्याने त्याने आपला शिक्का उमटवायचा अशी तिथली रीत. चियानलोंग बादशहाने तर आपल्या संग्रहातल्या चित्रांवर शिक्क्यांची अक्षरशः दाटी करून ठेवली. म्हणजे चित्राच्या अंगावरच त्याची वंशावळ लिहिलेली असते.

शू बेइहोंग स्वतः संग्राहक होता. १९३७ मध्ये हाँगकाँगला त्याला सत्त्याऐंशी दिव्य पुरुष-स्त्रियांची मिरवणूक रेखाटलेली एक जुनी गुंडाळी मिळाली. त्याने तिच्यावर शिक्का मारला, 'बेइहोंगचं आयुष्य'. १९४२ मध्ये कुनमिंगला ती चोरीला गेली. दोनेक वर्षांनी पत्ता लागला, तेव्हा जबर पैसे आणि वर स्वतःची चित्रं देऊन त्याने ती परत मिळवली. उघडून पाहतो तर चोराने तो शिक्का तेवढा कापून काढलेला.

अजिंठ्याला आलेला नकलाकार

नकली चित्राचा विषय निघालाच आहे, तर झांग दाचियानचं नाव घ्यायलाच हवं. हा विसाव्या शतकातला अत्यंत थोर चिनी चित्रकार, आणि तितकाच अट्टल नकलाकार. जुन्या महान चित्रकारांच्या त्याने केलेल्या नकला इतक्या बेमालूम की बोस्टनचं कलासंग्रहालय आणि ब्रिटिश म्युझियम यांच्याकडेही त्या अस्सल म्हणून पोहोचल्या. चीनमध्ये गुरूच्या चित्राची नक्कल करणं हा शिक्षणाचाच भाग, आपल्याकडे शिष्य उस्तादाची तान जशीच्या तशी घोटतो तसा. पण घोटून तयार झालेली तान उस्तादाच्या नावाने विकली, की त्याला फसवणूक म्हणायचं. झांग दाचियान ही रेघ हसत हसत ओलांडायचा.

तर हा माणूस १९४१ पासून अडीचेक वर्षं वाळवंटातल्या दुनहुआंगच्या बौद्ध लेण्यांत राहून भित्तिचित्रांच्या प्रती करत होता. तेव्हापासून त्याला प्रश्न पडला होता की या चित्रांचं मूळ भारतात आहे का? उत्तर शोधायला १९५० मध्ये तो कुठे आला असेल? अजिंठ्याला! आपल्या वाघूर नदीकाठी तीनेक महिने राहून त्याने तिथल्या चित्रांचा अभ्यास केला. मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, चार वर्षं शिकलो, अजिंठ्याला चार-पाच वेळा गेलो. पण प्रत्येक वेळी वडापाव खाऊन अर्ध्या दिवसात परत. २०११ मध्ये जगभरच्या लिलावांतल्या उलाढालीत याच झांग दाचियानने पिकासोलाही मागे टाकलं.

न वाचता येणारं पुस्तक

इथपर्यंत घोडे, डोंगर, कमळं होती. आजच्या चिनी कलेकडे वळलं की आपण आणखी गोंधळतो. गुलाबी चेहऱ्यांची, दात काढून हसणारी माणसं, जाहिरातींच्या शेजारी लाल झेंडेवाले कामगार. हे काय आहे?

सुरुवात थोडी मागून करावी लागते. सांस्कृतिक क्रांती संपल्यावर, सप्टेंबर १९७९ मध्ये बीजिंगमधल्या 'स्टार्स' गटाच्या तरुणांनी राष्ट्रीय कलादालनाच्या बाहेर, कुंपणाच्या गजांवर आपली चित्रं टांगली. आत जागा मिळत नव्हती म्हणून. दोन दिवसांत पोलिसांनी ती उतरवली. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याच दालनाच्या आत 'चायना/अव्हाँ-गार्द' हे मोठं प्रदर्शन भरलं. शिआओ लू या तरुणीने उद्घाटनाच्या दिवशीच स्वतःच्या कलाकृतीवर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या आणि प्रदर्शन काही तासांत बंद पडलं. चार महिन्यांनी तियानआनमेन घडलं. युए मिनजुनची ती हसणारी माणसं त्यानंतरची आहेत. ते हसू आनंदाचं नाही, हे एकदा कळलं की चित्र पुन्हा पहिल्यासारखं दिसत नाही. त्याचं 'एक्झिक्यूशन' हे चित्र २००७ मध्ये लंडनमध्ये सुमारे ५९ लाख अमेरिकन डॉलरना विकलं गेलं.

पण मला सगळ्यात आवडलेली कलाकृती शू बिंगचं 'आकाशातून आलेलं पुस्तक'. १९८७ पासून चार वर्षं खपून त्याने लाकडात चार हजारांहून जास्त अक्षरं कोरली आणि जुन्या पद्धतीची सुंदर ग्रंथरचना छापली. छतापासून जमिनीपर्यंत कागदाच्या लाटा. गंमत अशी की त्यातलं एकही अक्षर खरं नाही! दिसतात चिनी, पण अर्थ कशालाच नाही. चिनी प्राध्यापक तासन्‌तास शोधत बसले. म्हणजे या एका पुस्तकापुढे अंकल आणि मी अगदी एका पायरीवर. अक्षरांच्या जोरावर माणसांचा जीव घेणाऱ्या घोषणा ज्याने लहानपणी पाहिल्या, त्याने अक्षरांचाच अर्थ काढून घेतला.

ही कला पहिल्यांदा कोणी जमवली? उली सिग हा स्विस माणूस १९७९ मध्ये शिंडलर कंपनीच्या लिफ्टचा कारखाना काढण्यासाठी चीनमध्ये गेला. पुढे १९९५ ते १९९८ तिथे स्वित्झर्लंडचा राजदूत होता. त्याच्या लक्षात आलं की एवढी घालमेल चित्रांत उतरते आहे आणि ती पद्धतशीर जमवणारी एकही संस्था नाही. मग आपल्या आवडीनिवडीपेक्षा काळाची नोंद म्हणून त्याने ती जमवली, शेकडो चित्रकारांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून. २०१२ मध्ये १,४६३ कलाकृती त्याने हाँगकाँगच्या एम प्लस या संग्रहालयाला दान केल्या, आणि ते २०२१ मध्ये उघडलं. हे वाचताना मला आपले दिनकर केळकर आठवत राहिले. अडकित्ते, दिवे, दरवाजे गावोगाव हिंडून गोळा करणारे, आणि गेलेल्या लहानग्या मुलाच्या नावाने तो सगळा ठेवा लोकांना देऊन टाकणारे. त्यांच्याकडेही लोक सुरुवातीला यू गोंगकडे पाहावं तसंच पाहत असणार.

खिशातली चित्रं

आपल्यासारख्या पगारदारांनी यातलं काय करावं? लिलाव आपल्यासाठी नाहीत. पण आधी खिशातली पन्नास डॉलरची नोट काढा. मागच्या बाजूला वेलींमधली दोन माकडं दिसतील, ती चेन वेन शी यांची, आणि शेजारी मासे सुकवणारी माणसं, ती चियोंग सू पियेंग यांची. दोघंही चीनमधून येऊन सिंगापूरकर झालेले. १९५२ मध्ये ल्यू कांग आणि चेन चोंग स्वी यांच्यासोबत हे बालीला गेले आणि चिनी शाई, पॅरिसचे रंग आणि इथलं ऊन यांतून त्यांनी नान्यांग शैली फुलवली. त्याच नोटेवर कोंपांग, पिपा आणि व्हायोलिनबरोबर आपली वीणाही आहे. किती वर्षं ही नोट मोडतो आहोत आपण!

दुसरं म्हणजे नॅशनल गॅलरीत जाऊन वू गुआनचोंग यांची चित्रं बघा. या वृद्ध चित्रकाराने २००८ मध्ये आपली ११३ चित्रं सिंगापूरला देऊन टाकली, विकली असती तर पिढ्या बसून खाल्लं असतं. सांस्कृतिक क्रांतीत स्वतःची चित्रं स्वतःच्या हाताने नष्ट करावी लागलेला हा माणूस. चित्रकाराचा पतंग कितीही उंच जावो, मातीशी बांधलेला दोरा तुटता कामा नये, असं ते म्हणत. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांबद्दल आपण मंडळाच्या प्रत्येक बैठकीत दुसरं काय बोलतो?

आणि घ्यायचंच असेल तर जिवंत, तरुण चित्रकाराचं छोटं चित्र घ्या. त्याला भेटा, गोष्ट विचारा, पावती आणि त्याची चार ओळींची नोंद चित्रामागे चिकटवा. जुन्या मोठ्या नावाचं स्वस्त चित्र कोणी देत असेल तर हात जोडून निघा. आणि काहीही टांगण्याआधी शेजाऱ्याला विचारा.

आमचा घोडा उतरवायचा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, छापील असला तरी गोष्ट खरी आहे ना?" घोडा राहिला. मागच्या पुठ्ठ्यावर मी मराठीत लिहिलं: हे मुद्रित चित्र आहे, मूळ चित्र पेनांगला १९४१ मध्ये का काढलं, ते कोणी वाचून दाखवलं आणि कोणत्या दिवशी. खाली अंकलनी चिनीत दोन ओळी लिहिल्या आणि आपला जुना दगडी शिक्का उमटवला. तो दगड उबीनचा का, असं विचारल्यावर म्हणाले, "छे, ग्रॅनाइटवर अक्षर कोरायला यू गोंगच लागेल."

यंदा दिवाळीला फराळाचं ताट घेऊन शेजारी जाल तेव्हा त्यांच्या भिंतीवर काय आहे ते जरूर विचारा. चकली खाता खाता ते सांगतीलच. दिवाळीच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा!